गव्हाळ कातडीवरचा काळा डाग आणि डर्मोस्कोप

साठीच्या पुढची, आयुष्यभर उन्हात राबलेली एखादी शेतकरी बाई नाकपुडीशेजारचा काळा, चकचकीत फुगवटा डॉक्टरांना दाखवते. दोन-तीन वर्षांपासून आहे, दुखत नाही, कधीतरी खपली धरते आणि पुसताना थोडे रक्त येते. हा फुगवटा सेबोरिक केराटोसिस असू शकतो, म्हणजे वयानुसार येणारा निरुपद्रवी मस. मग काहीच करायची गरज नाही. तो रंगद्रव्य असलेला बेसल सेल कार्सिनोमा असू शकतो. हा कर्करोग शरीरात इतरत्र क्वचितच पसरतो, पण जागच्या जागी नाक, पापणी, कान पोखरत जातो, म्हणून तो कापून काढावा लागतो. आणि तो मेलॅनोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोगही असू शकतो. तसे असेल तर प्रत्येक महिना मोलाचा. गोऱ्या कातडीवर या तिघांचे रंग बरेचदा वेगळे दिसतात. आपल्याकडच्या कातडीवर तिन्ही काळेच दिसतात.

म्हणून डर्मोस्कोपीचा, म्हणजे खास भिंगातून त्वचा पाहण्याच्या तपासणीचा, आढावा घेताना ‘हे यंत्र किती अचूक’ एवढे विचारून भागत नाही. भिंगाखाली नेमके काय दिसते, त्यातले काय गोऱ्या कातडीवर शिकलेले आहे आणि काय आपल्याकडे तसेच्या तसे लागू पडते, हे पाहावे लागते. माझ्या मते सगळ्या विषयाचा कस इथेच लागतो.

आधी यंत्राचे काम समजून घेऊ. साधे भिंग धरून त्वचा पाहिली तर फारसे काही हाती लागत नाही, कारण त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर प्रकाश परत फेकतो आणि डोळ्यांत जाते ती निव्वळ चकाकी. त्या थरावर तेल, जेल किंवा स्पिरिट लावून वर काच टेकवली की चकाकी ओसरते आणि प्रकाश आत शिरतो. ध्रुवीकृत प्रकाश वापरला तर द्रव न लावता, काच न टेकवताही हेच साधते. साधारण दहापट मोठे करून दाखवणारे, खिशात मावणारे हे उपकरण त्वचेचा अगदी वरचा, जेमतेम एखाद्या मिलिमीटरचा भाग दाखवते. पण बहुतेक काळ्या डागांची कुंडली तेवढ्याच भागात असते.

रंग हा त्यातला पहिला पुरावा. मेलॅनिन अगदी वरच्या थरात असेल तर काळे दिसते, त्याखाली तपकिरी, आणखी खाली राखाडी आणि खोल गेले की निळे. रंगद्रव्य तेच, पण खोलीनुसार प्रकाश वेगळा विखुरतो. म्हणजे डागात निळी-राखाडी छटा असेल तर रंगद्रव्य जिथे सहसा नसते तिथे, खोलवर, पोहोचले आहे एवढे कळते. लाल म्हणजे रक्त, पांढरे म्हणजे बहुधा व्रणासारखा तंतुमय भाग, पिवळे म्हणजे केराटिन किंवा तैलग्रंथींचा स्राव. रंगांनंतर पाहायचे ते आकार: जाळे, ठिपके, गोळे, रेषा, रक्तवाहिन्यांची वळणे.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत योहान सॅफियर यांनी 1920 साली या तपासणीला ‘डर्माटोस्कोपी’ हे नाव दिले, पण त्यांचे लक्ष गाठींपेक्षा त्वचेच्या इतर आजारांकडे अधिक होते. 1950च्या दशकात सिनसिनाटीच्या लिऑन गोल्डमन यांनी रंगद्रव्याच्या डागांकडे हे भिंग वळवले. 1971 साली ग्लासगोच्या रोना मॅकी यांनी दाखवले की शस्त्रक्रियेआधी साधा तीळ आणि कर्करोग यांत फरक करायला ते उपयोगी पडते. व्हिएन्नाच्या पेहामबर्गर, स्टाइनर आणि वोल्फ यांनी 1987 साली डागाचा सगळा नमुनाच वाचण्याची पद्धत मांडली, आणि 1989 साली हॅम्बुर्गच्या बैठकीत जाणकारांनी दिसणाऱ्या खुणांसाठीचे शब्द एकमताने ठरवले. तोवर हातात धरता येणारी उपकरणेही आली होती. या यादीतली बहुतेक नावे युरोप आणि अमेरिकेतली आहेत, आणि साहजिकच त्यांच्यासमोरची कातडीही.

उपयोग किती होतो, याचे उत्तर आज बऱ्यापैकी ठाम आहे. 2018 साली कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. रुग्ण समोर बसलेला असताना नुसत्या डोळ्यांनी तपासले तर 100 मेलॅनोमांपैकी साधारण 76 ओळखू येतात आणि डर्मोस्कोप लावला तर 92, असा त्याचा अंदाज आहे. ही तुलना करताना निरुपद्रवी डागांवर उगाच संशय घेण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखे धरले होते. 100 मागे 16 माणसांचा हा फरक आहे आणि तो साध्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या भिंगाने पडतो. मात्र त्याआधीच, 2002 साली, हॅराल्ड किटलर आणि सहकाऱ्यांनी 27 अभ्यास एकत्र तपासून एक कडू गोष्ट नोंदवली होती. ज्यांनी शिक्षण घेतलेले नाही त्यांच्या हातात डर्मोस्कोप दिला तर निदान सुधारत नाही. भिंग विकत घेणे सोपे आहे, डोळा तयार व्हायला वेळ लागतो. आपल्याकडे उपकरणाच्या किमतीची चर्चा जितकी होते तितकी या शिक्षणाची होत नाही, याचे वाईट वाटते.

आता पुन्हा त्या नाकपुडीशेजारच्या फुगवट्याकडे येऊ. तो सेबोरिक केराटोसिस असेल तर भिंगाखाली पांढरे, चमकदार, वाळूच्या कणाएवढे बारीक बिंदू दिसतील. त्या केराटिनच्या बंदिस्त पिशव्या असतात. सोबत काळपट, खोलगट तोंडे दिसतील. पृष्ठभागावर मेंदूसारख्या घड्या आणि भेगा असतील आणि कडा एकदम तुटल्यासारखी, स्पष्ट असेल. पांढरे बिंदू साध्या प्रकाशात ठळक दिसतात आणि ध्रुवीकृत प्रकाशात फिके पडतात, म्हणून दोन्ही प्रकाश असलेल्या उपकरणात बटण दाबून अदलाबदल करत पाहिले की त्यांची लुकलुक दिसते. आपल्याकडे मध्यमवयीन माणसांच्या गालांवर बारीक काळे मस पुष्कळ दिसतात, तेही याच कुळातले. त्यांच्याकडे भिंगातून पाहून ‘काही नाही, राहू द्या’ असे छातीठोकपणे सांगता येणे हीदेखील मोठी कमाई आहे. न केलेली शस्त्रक्रिया आढाव्यात मोजली जात नाही, पण रुग्णाच्या खिशाला आणि चेहऱ्याला ती कळते.

बेसल सेल कार्सिनोमा असेल तर चित्र वेगळे. इथे साध्या तिळात दिसते तसे तपकिरी जाळे नसते. सिडनीच्या स्कॉट मेंझिस आणि सहकाऱ्यांनी 2000 साली मांडलेल्या पद्धतीची सुरुवात याच अटीने होते: जाळे नको, आणि पुढील सहांपैकी निदान एक खूण हवी. निळे-राखाडी मोठे अंडाकृती गोळे, तसेच अनेक छोटे गोळे, पानाच्या आकाराचे कडेचे भाग, चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा, झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत गेलेल्या रक्तवाहिन्या आणि चिघळलेला भाग. युरोपातल्या पुस्तकांत पहिला मान फांद्यांसारख्या रक्तवाहिन्यांना असतो. गुलाबी कातडीवर त्या लालभडक, धारदार दिसतात. गव्हाळ किंवा सावळ्या कातडीवर मात्र आजूबाजूचे रंगद्रव्य लाल रंगाला झाकते, आणि आशियाई लोकांमधले बहुसंख्य बेसल सेल कार्सिनोमा मुळातच रंगद्रव्य भरलेले असतात. त्यामुळे इथे निदानाचा भार निळ्या-राखाडी गोळ्यांवर, पानांवर आणि आऱ्यांवर येतो. ज्याने फक्त रक्तवाहिन्या शोधायचे शिकले आहे तो इथे चुकेल. त्यात काच जोरात दाबून धरली तर असलेल्या रक्तवाहिन्याही रिकाम्या होऊन दिसेनाशा होतात. जाडसर जेल लावून काच हलकेच टेकवणे ही हाताची सवय व्हावी लागते.

काही गाठी भिंगाखाली क्षणात ओळख देतात. रक्तवाहिन्यांच्या साध्या गाठीत लाल-जांभळी तळी दिसतात, एकमेकांपासून अलग. डर्मॅटोफायब्रोमा बहुधा पायावर असतो आणि चिमटीत धरला की आत दबतो. त्यात मध्ये पांढरा व्रणासारखा भाग आणि भोवती नाजूक जाळे दिसते. तैलग्रंथींच्या वाढीत मध्यभागी पिवळट गोळे आणि त्यांना कडेने वेढणाऱ्या, मध्य न ओलांडणाऱ्या रक्तवाहिन्या असतात. इथे फार थांबायचे कारण नाही.

स्क्वॅमस सेल कार्सिनोमाशी मात्र थांबायला हवे. त्याच्या आधीच्या अवस्था डर्मोस्कोप चांगल्या दाखवतो. उन्हाने खराब झालेल्या चेहऱ्यावरच्या ॲक्टिनिक केराटोसिसमध्ये स्ट्रॉबेरीसारखा लाल-पांढरा नमुना दिसतो, बोवेनच्या आजारात सुतळीच्या गुंत्यासारख्या रक्तवाहिन्या आणि वर खवले. पण यांतही पुन्हा लाल रंगावरच भिस्त आहे. शिवाय सावळ्या कातडीतला स्क्वॅमस कर्करोग अनेकदा उन्हापेक्षा जुन्या जखमेतून, भाजल्याच्या व्रणातून किंवा वर्षानुवर्षे होणाऱ्या घर्षणातून उगवतो. या संबंधाची एक मोलाची नोंद मुंबईतली आहे. टाटा मेमोरियल रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि सूर्याबाई यांनी 1945 साली धोतराच्या घट्ट गाठीखाली, कमरेवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले. परकराच्या नाडीखाली असाच कर्करोग झाल्याच्या नोंदी पुढे आल्या. अशा जाड, चिघळलेल्या, व्रणातल्या जखमेत भिंगातून केराटिनचे पांढरे गोल, खपली आणि रक्त यापलीकडे फारसे दिसत नाही. कमरेच्या काळवंडलेल्या पट्ट्यात महिनोन्महिने न भरणारी जखम असेल तर डर्मोस्कोपशी न झटता तुकडा तपासायला पाठवणेच शहाणपणाचे.

रंगपेशींच्या डागांकडे वळलो की गुणांकनाच्या पद्धतींची गर्दी होते. विल्हेल्म स्टोल्झ यांनी 1994 साली मांडलेल्या नियमात असममिती, कडा, रंग आणि अंतर्गत रचना यांना गुण देतात, ठरावीक आकड्यांनी गुणतात आणि बेरीज करतात. ती 4.75पेक्षा कमी आली तर डाग निरुपद्रवी, 5.45च्या वर गेली तर मेलॅनोमाचा दाट संशय, मधले संशयित. मेंझिस यांची मेलॅनोमासाठीची पद्धत 1996ची, अर्जेन्झियानो यांची सात मुद्द्यांची 1998ची. त्यानंतर आलेली तीन मुद्द्यांची यादी नवशिक्यांसाठी सर्वांत सोयीची: असममिती, बिघडलेले जाळे आणि निळ्या-पांढऱ्या रचना. तिन्हींपैकी दोन असतील तर डाग काढून तपासायचा. या सगळ्या पद्धतींच्या तळाशी एकच निरीक्षण आहे. साधा तीळ नीटनेटका असतो, रंग एक-दोन, रचना दोन्ही बाजूंना सारखी. मेलॅनोमात रंग वाढतात, जाळे कुठे जाड तर कुठे तुटके होते, कडेला एकाच बाजूने रेषा फुटतात, मध्येच निळसर-पांढरा पडदा येतो.

पण रंगांचे गुण मोजताना मूळ कातडीचा रंग विसरून चालत नाही. सावळ्या माणसाच्या साध्या तिळात मध्यभागी काळाभोर, गडद भाग असणे नेहमीचेच. गोऱ्या माणसात तसा तीळ दिसला तर भुवया उंचावतील. निळ्या आणि काळ्या रंगाचा संगम गाठीत दिसला तर सावध व्हा, हा उंचवट्याच्या मेलॅनोमासाठी चांगला इशारा आहे. आपल्याकडे मात्र सेबोरिक केराटोसिस आणि बेसल सेल कार्सिनोमासुद्धा निळे-काळे दिसतात. तेव्हा त्या रंगाने थबकावे जरूर, पण निर्णय रचनेवर करावा.

मेलॅनोमा भारतात विरळ आहे, पण जो दिसतो त्यातला मोठा वाटा तळपाय, तळहात आणि नखांखालचा असतो. ऊन या जागी पोहोचत नाही, त्यामुळे ‘आपल्या रंगामुळे आपण सुरक्षित’ ही समजूत इथे पूर्ण फसते. गायक बॉब मार्ली यांचा मृत्यू 1981 साली, वयाच्या 36व्या वर्षी, पायाच्या अंगठ्यापासून सुरू झालेल्या मेलॅनोमानेच झाला. आपल्याकडे तळपायाची अशी गाठ काटा रुतल्याची, भोवरीची किंवा मधुमेहाची जखम समजून बरेचदा महिनोन्महिने मलमपट्टीत काढली जाते.

आणि नेमके इथेच डर्मोस्कोपी सर्वांत जास्त उपयोगी पडते. तळपायाची कातडी म्हणजे नांगरलेल्या शेतासारखी सरी आणि वरंबा यांची रचना आहे. वरंब्यांवर घामाची छिद्रे असतात आणि भिंगातून ती पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीसारखी दिसतात, त्यामुळे वरंबा कुठला आणि सरी कुठली हे पटकन ठरवता येते. साध्या तिळाचा रंग सरीत बसतो, बारीक समांतर रेषांनी. मेलॅनोमाचा रंग वरंब्यावर, रुंद पट्ट्यांनी येतो. जपानच्या तोशिआकी साइदा आणि सहकाऱ्यांनी हा फरक पक्का केला. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात वरंब्यावरचा पट्टा ही खूण मेलॅनोमासाठी 86 टक्के संवेदनशील आणि 99 टक्के विशिष्ट ठरली, म्हणजे 100 मेलॅनोमांपैकी 86मध्ये ती दिसली आणि मेलॅनोमा नसलेल्या 100 डागांपैकी 99मध्ये दिसली नाही. त्यांची पुढची सूचनाही व्यवहारी आहे: वरंब्यावर रंग दिसला तर आकार न पाहता तुकडा तपासा, साध्या तिळाचा ओळखीचा नमुना दिसला तर निश्चिंत राहा, दोन्ही नसेल आणि डाग 7 मिलिमीटरपेक्षा मोठा असेल तर तपासा, लहान असेल तर लक्ष ठेवा. आशियात, आशियाई पायांवर घडलेला हा नियम आपल्या कामाचा आहे, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

तरी इथेही आपली काही खास फसवणूक करणारी चित्रे आहेत. सावळ्या माणसांच्या तळहात-तळपायांवर जन्मजात प्रवृत्तीने येणारे तपकिरी डाग वरंब्यावर दिसू शकतात. केसांच्या काळ्या डायमध्ये आणि काळ्या मेंदीत मिसळल्या जाणाऱ्या रसायनाचा डागही वरंब्यावर बसतो. टाचेला मार लागून कातडीच्या वरच्या थरात साकळलेले रक्तही तसेच दिसते, फक्त त्यात लालसर-काळे गोळे असतात आणि पातीने हलके खरवडले की ते निघून येते. म्हणून ‘मेंदी कधी लावली, डाय कोण लावतं, बूट नवे आहेत का’ हे प्रश्न भिंग हातात घेण्याआधी विचारायचे. डाग अनेक आणि दोन्ही पायांवर सारखे असतील तर काळजी कमी. एकटा, वाढणारा, मोठ्या वयात आलेला असेल तर जास्त.

नखांबाबतही असेच. आपल्याकडे प्रौढांच्या अनेक नखांवर उभ्या तपकिरी पट्ट्या असणे साधे आहे. एकाच नखावर, नव्याने आलेली, रुंदावणारी पट्टी मात्र भिंगाखाली नीट पाहावी: रेषा एकाच रंगाच्या, सारख्या अंतराच्या आणि समांतर आहेत, की कमी-जास्त जाडीच्या होऊन एकमेकींपासून भरकटताहेत. नखालगतच्या कातडीवर रंग उतरला असेल तर तो खरोखर कातडीत आहे की पातळ पापुद्र्यातून खालचा पट्टाच दिसतो आहे, हेही डर्मोस्कोप सांगतो. सावळ्या बोटांवर हा दुसरा प्रकार नेहमी फसवतो.

सगळ्यांत धोक्याची गाठ ती, जिच्यात रंगच नाही. गुलाबी, मऊ, हात लागला की भळभळणारी, आठवड्या-दोन आठवड्यांत वाढलेली गाठ बहुतेक वेळा पायोजेनिक ग्रॅन्युलोमा असते. भिंगातून एकसारखा लाल भाग, भोवती पांढरी कड आणि आत पांढऱ्या रेषा दिसतात. पण रंगहीन मेलॅनोमा हुबेहूब हेच सोंग घेतो, आणि कितीही कसलेला डोळा असला तरी इथे भिंगावर विसंबून निदान देऊ नये. गाठ काढायची आणि ती पूर्ण तपासायला पाठवायची, एवढाच मार्ग. वेगाने वाढणाऱ्या टणक, उंच मेलॅनोमातही जाळे, रेषा अशा खुणा सापडेनात तर नवल नाही. तो सरळ खाली वाढतो, आणि मेलॅनोमात जगण्या-मरण्याचा हिशेब प्रामुख्याने खोलीवर असतो, हे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 सालीच दाखवून दिले आहे.

आता संगणक. 2017 साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 1,29,450 छायाचित्रांवर शिकवलेल्या यंत्रणेने त्वचातज्ज्ञांच्या तोडीचे निदान केले आणि जगभर चर्चा झाली. पुढच्या वर्षी व्हिएन्ना आणि क्वीन्सलंड इथल्या 10,015 डर्मोस्कोपी छायाचित्रांचा संच खुला झाला आणि असंख्य यंत्रणा त्यावर शिकल्या. ऑस्ट्रियाची आणि ऑस्ट्रेलियाची ही छायाचित्रे प्रामुख्याने गोऱ्या माणसांची आहेत. तळपायाचा मेलॅनोमा, रंगद्रव्याने भरलेला नाकावरचा बेसल सेल कार्सिनोमा, मेंदीचा डाग यांचे अशा संचात काय स्थान असणार? 2022 साली विविध वर्णांच्या 656 साध्या छायाचित्रांवर अशा यंत्रणा तपासल्या, तेव्हा गडद कातडीवर त्यांची कामगिरी घसरली. ती छायाचित्रे डर्मोस्कोपीची नव्हती, पण इशारा तोच आहे. 2020च्या आणखी एका अभ्यासात दिसले की यंत्रणेने चुकीचा सल्ला दिला तर अनुभवी डॉक्टरही तिच्या मागे जातात. तेव्हा आपल्याकडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागांनी आपल्या रुग्णांची डर्मोस्कोपी छायाचित्रे, विकृतिशास्त्राच्या निदानासह आणि रुग्णाच्या संमतीने, पद्धतशीर जमवायला हवीत. मोबाइलला जोडता येणारी उपकरणे आता हाताशी आहेत. काम चिकाटीचे आहे, पण महागडे नाही.

तोपर्यंत रोजच्या व्यवहारात एक गोष्ट तातडीने थांबायला हवी. चामखीळ किंवा मस म्हणून काळ्या गाठी ब्यूटी पार्लरमध्ये जाळल्या जातात, घरी चुना-सोडा लावून पाडल्या जातात. त्यांतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात हे खरे. पण जाळलेली गाठ कुणालाच तपासता येत नाही, आणि ती मेलॅनोमा असेल तर उरलेल्या पेशी व्रणाखाली वाढत राहतात. त्या व्रणातून पुन्हा रंग उगवला की भिंगाखालचे चित्र विस्कटलेले असते आणि विकृतिशास्त्रज्ञालाही खोली नीट सांगता येत नाही. गाठ जाळण्याआधी डर्मोस्कोपने पाहणे, शंका असेल तर ती न जाळता काढणे आणि काढलेला तुकडा बाटलीत घालून पाठवणे हा क्रम पाळायला हवा. प्रयोगशाळेत त्या तुकड्याचे मोजकेच पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली जातात. संशयाची जागा नेमकी कुठे होती हे दाखवणारे डर्मोस्कोपीचे छायाचित्र चिठ्ठीसोबत गेले, तर काप त्याच जागेवरून घेता येतो.